टायटल वन शाळेच्या समितीवरचे माझे पहिले वर्ष

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही नाशिकहून कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराच्या पूर्व भागात राहायला आलो आणि मुलीचे नाव घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात घातले. ही शाळा ‘टायटल वन’ शाळा आहे. तिथल्या मुलांपैकी बरीच मुले कमी उत्पन्नाच्या घरांतून येतात आणि म्हणून तिला दरवर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून राज्याच्या पैशाव्यतिरिक्त वेगळा निधी मिळतो. हा निधी नेमका कुठून येतो, त्याचे शाळेत काय होते आणि त्यात पालकाला काय करता येते, हे मला वर्षभर शाळेच्या पालक-शिक्षक समितीच्या, म्हणजे ‘स्कूल साइट काउन्सिल’च्या, बैठकांना बसून कळले. मराठीत याविषयी फारसे कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्याच क्रमाने लिहीत आहे.

शाळेत नाव घालणे अवघड नव्हते. जन्माचा दाखला महानगरपालिकेचा, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला असल्यामुळे भाषांतर करून घ्यावे लागले नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि विजेचे बिल चालले. अडले ते लसींच्या नोंदीपाशी. कांजिण्यांची लस आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात नसल्यामुळे पुष्कळ मुलांची ती राहून जाते, आणि कॅलिफोर्नियात शाळाप्रवेशासाठी तिच्या दोन मात्रा लागतात. भारतातून निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडून त्या देऊन, तारखेसह लिहून घेतल्या तर इथे आल्यावर विमा सुरू होण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. फी, पुस्तके, वह्या यांचा खर्च शून्य होता.

नोंदणीच्या अर्जातच घरच्या भाषेविषयी चार प्रश्न होते. मूल बोलायला लागले तेव्हा कोणती भाषा शिकले, घरी बहुतेक वेळा कोणती बोलते, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातील मोठी माणसे आपसांत कोणती वापरतात. मी चारही ठिकाणी मराठी लिहिले. व्हॉट्सअॅपवरच्या एका गटात याविषयी ठाम सल्ला मिळाला होता की डोळे मिटून सगळीकडे इंग्लिश लिहावे, नाहीतर मुलीवर ‘इंग्लिश लर्नर’ असा शिक्का बसतो आणि तो पुसता पुसत नाही. हा सल्ला मला पटला नाही, आणि वर्षानंतरही पटत नाही. नाशिकच्या शाळेत इंग्रजी माध्यमात दोन वर्षे काढलेल्या मुलीला इंग्रजी वाचता येत होते, पण वर्गात बाईंनी भराभर दिलेल्या सूचना तिच्या डोक्यावरून जात होत्या. मदत हवी होती हे उघड होते, आणि ती मिळण्याचा रस्ता याच चार उत्तरांतून जातो.

घरची भाषा इंग्रजी नसेल तर राज्याची ‘एल्पॅक’ नावाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी प्रवेशानंतर तीस दिवसांच्या आत घ्यावीच लागते. तिचे गुण १५० ते ६०० या पट्टीवर असतात. ३७० च्या खाली नवशिके, ३७० ते ४४९ मध्यम, आणि त्यावर इंग्रजी येणारे. बोलण्याचा भाग एकेका मुलाला समोर बसवून घेतात. सप्टेंबरात निकालाचे पत्र घरी आले, त्यात आमची मुलगी मधल्या गटात होती. त्या पत्रातच रोज ठरावीक वेळ वेगळे इंग्रजी शिकवले जाईल असे लिहिले होते आणि पालकांच्या हक्कांची माहिती दिली होती.

यातली एक गोष्ट मला पुढे समितीत गेल्यावर समजली, ती इथेच सांगते. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला ते शिकवणे हे शाळेचे मूळ कर्तव्य आहे, त्यासाठी केंद्राच्या निधीची वाट पाहता येत नाही. या कर्तव्यामागे १९७४ चा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि तो खटला आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या बाजूने लढला गेला होता. त्यामुळे मुलीचा रोजचा तास राज्याच्या पैशातून चालतो. केंद्राचा ‘टायटल थ्री’ निधी त्याच्यावरच्या जादा मदतीसाठी असतो, उदाहरणार्थ लहान गटांची शिकवणी किंवा पालकांसाठीचे इंग्रजी वर्ग.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दप्तरातून उत्पन्नाचा अर्ज आला. कॅलिफोर्नियात २०२२–२३ पासून सरकारी शाळांतील प्रत्येक मुलाला सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत आहे, उत्पन्न विचारत नाहीत. मग हा अर्ज कशासाठी, असा प्रश्न जवळपास प्रत्येक पालकाला पडतो आणि तो अर्ज दप्तराच्या तळाशी तसाच राहतो. त्या वर्षी चौघांच्या कुटुंबासाठी केंद्राची मर्यादा पूर्ण मोफत जेवणासाठी वर्षाला ४०,५६० डॉलर आणि सवलतीच्या जेवणासाठी ५७,७२० डॉलर होती. आमचे उत्पन्न त्यावर होते, तरी ऑफिसमधल्या बाईंनी अर्ज भरून द्यायला सांगितले आणि कारणही समजावून दिले.

ते कारण असे. टायटल वनचा पैसा वॉशिंग्टनहून राज्याकडे, राज्याकडून स्कूल डिस्ट्रिक्टकडे (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे) आणि तिथून शाळांकडे येतो. डिस्ट्रिक्टचा वाटा जनगणना विभागाच्या गरिबीच्या अंदाजांवरून ठरतो. मात्र एकाच डिस्ट्रिक्टमधल्या शाळांची क्रमवारी, आणि त्यांतल्या प्रत्येकीला किती मुलांमागे पैसे द्यायचे हा हिशेब, अशा अर्जांसारख्या नोंदींवरून होतो. ज्या शाळांत कमी उत्पन्नाची मुले ७५ टक्क्यांहून अधिक असतात त्यांना आधी द्यावेच लागते, मग बाकीच्यांचा विचार. ज्या कुटुंबांना सरकारी अन्नसाहाय्य मिळते त्यांची नोंद परस्पर होते. पण जी कुटुंबे मर्यादेच्या आत असूनही कुठलीच मदत घेत नाहीत, ती अर्ज दिला नाही तर मोजलीच जात नाहीत. अशी कुटुंबे आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. दोन ठिकाणी काम करणारे व्हिएतनामी वडील, रेस्टॉरंटमध्ये भांडी घासणारी मेक्सिकन आई, आणि हो, विद्यापीठात तुटपुंज्या मानधनावर संशोधन करणारे आपल्याकडचे जोडपेसुद्धा. अर्जात व्हिसाविषयी एकही प्रश्न नव्हता, आणि पासपोर्टची प्रत मागितली नव्हती. माहिती गोपनीय ठेवली जाते असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. हे सगळे ऐकून मी ‘बॅक टू स्कूल नाइट’ला, म्हणजे वर्षारंभी पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी, अर्ज भरण्याच्या टेबलापाशी मदतीला उभी राहिले, आणि खरे तर तिथूनच पुढचे सगळे सुरू झाले.

त्याच सुमारास, ७ सप्टेंबरला गणपती बसले. मंडळाच्या उत्सवात एका वहिनींनी मुलीच्या शाळेचे नाव विचारले, फोनवर रेटिंग पाहिले आणि काळजीने म्हणाल्या, “अगं, टायटल वन शाळा आहे ही! लीज संपली की घर बदला.” त्यांचा हेतू चांगला होता. इथे घर शोधताना आधी शाळेचे रेटिंग बघतात आणि मग भाडे परवडते का ते, ही रीतच पडली आहे. रेटिंगमध्ये चाचणीचे गुण बरेच वजन खातात, आणि चाचणीचे गुण घरच्या उत्पन्नाबरोबर कसे वरखाली होतात हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शाळा काय करते हे त्या आकड्यातून मला तरी कळले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस टायटल वनची वार्षिक सभा झाली. अशी सभा घेणे शाळेला कायद्याने बंधनकारक आहे. जेवणाच्या हॉलमध्ये बाके घडी करून खुर्च्या मांडल्या होत्या, दाराशी स्पॅनिश आणि व्हिएतनामी दुभाषांचे हेडफोन ठेवले होते, आणि शेजारच्या खोलीत मुलांना सांभाळायला दोन मदतनीस होत्या. त्यांचा त्या संध्याकाळचा मोबदला याच निधीतून दिला जातो. खुर्च्या पुष्कळ आणि पालक थोडे, असे चित्र होते. मुख्याध्यापिकांनी इतिहासापासून सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी ज्या शिक्षण कायद्यावर सही केली त्याचा पहिला विभाग म्हणजे टायटल वन. त्याआधी अनेक वर्षे, १९२८ मध्ये, ते टेक्सासातील कोटुला गावी मेक्सिकन अमेरिकन मुलांच्या शाळेत शिक्षक होते. हे ऐकताना आमच्या हॉलमधल्या हेडफोन लावलेल्या पालकांकडे माझे लक्ष गेले. कायद्याचे नाव आणि नियम पुढे बदलत गेले, सध्याचे रूप डिसेंबर २०१५ मधले आहे, पण हा विभाग टिकला. आता देशभरात त्यावर वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर खर्च होतात.

सभेत पालकांचे जे हक्क सांगितले त्यांतले दोन लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मुलाच्या शिक्षकाची शैक्षणिक पात्रता शाळेला विचारता येते आणि शाळेला उत्तर द्यावे लागते. दुसरे म्हणजे शाळा आणि पालक यांच्यातला लेखी करार. शाळा काय करील, घरी काय व्हावे आणि दोघांनी एकमेकांशी संपर्क कसा ठेवावा हे त्यात असते, आणि प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा शिक्षकांबरोबर बसून त्यावर बोलणे अपेक्षित असते. बहुतेक पालक हा कागद सही करून परत पाठवतात. मी तो नोव्हेंबरच्या पालकभेटीला बरोबर नेला आणि बाईंसमोर ठेवला, तेव्हा ठरलेल्या वीस मिनिटांत नुसत्या कौतुकाऐवजी मुलगी वाचताना नेमकी कुठे अडते यावर बोलणे झाले.

सभेच्या शेवटी स्कूल साइट काउन्सिलच्या निवडणुकीचे अर्ज वाटले. महाराष्ट्रातील वाचकांना शाळा व्यवस्थापन समिती माहीत असेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळेच्या या काउन्सिलवर निम्मी माणसे शाळेची आणि निम्मी पालकांची असतात. आमच्याकडे एकूण दहा जागा आहेत, त्यांत मुख्याध्यापिका, तीन शिक्षक, एक इतर कर्मचारी आणि पाच पालक. नागरिकत्वाची अट नाही. काम विनावेतन असते, त्यामुळे माझ्या एच-फोर व्हिसाचाही (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराचा, पगारी कामाची सहसा मुभा नसलेला) अडसर आला नाही. पालकांच्या जागा भरायला माणसे मिळत नाहीत, हे ऑफिसमधल्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. मी अर्जावर चार ओळी लिहून दिल्या, ऑक्टोबरात मतपत्रिका घरोघरी गेल्या आणि मी निवडून आले. उमेदवार आणि जागा जवळजवळ सारख्याच होत्या, तेव्हा त्यात विशेष काही नाही.

पहिल्या बैठकीला जाताना मला धास्ती वाटत होती. इंग्रजी येते, पण सभेची इंग्रजी वेगळी असते. कोणीतरी ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मग चर्चा, मग मतदान, आणि मधल्या एखाद्या वाक्यावर मान डोलवली म्हणजे आपण कशाला संमती दिली हे कळत नाही. एक नियम मात्र मला फार उपयोगी पडला. बैठकीची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावी लागते, आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. मी ती दर वेळी शाळेच्या फाटकावरून मोबाइलवर टिपून घेई आणि त्यासोबतचे कागद ऑफिसमधून आधी मागून घेई. कागद आदल्या रात्री वाचलेले असले की सभेतले इंग्रजी निम्मे सोपे होते. नोव्हेंबरची एक बैठक पुरेसे सदस्य न आल्यामुळे कामकाज न होताच संपली. कॉफी मात्र चांगली होती.

काउन्सिलचे मुख्य काम म्हणजे शाळेचा वार्षिक आराखडा आणि त्याला जोडलेला अर्थसंकल्प. आराखडा जाडजूड असतो. त्याच्या मागच्या पानांवरचे तक्ते पाहून पहिल्यांदा मी ते बाजूलाच ठेवले होते, पण पुढे तेच मला सर्वांत बोलके वाटले. प्रत्येक ओळीला आकड्यांची एक साखळी असते. सुरुवातीला ३०१० असेल तर पैसा टायटल वनचा, ४२०३ असेल तर टायटल थ्रीचा. पुढे खर्चाचा प्रकार येतो. १००० च्या घरातले आकडे शिक्षकांच्या पगाराचे, २००० च्या घरातले इतर कर्मचाऱ्यांच्या पगाराचे, ३००० म्हणजे विमा आणि निवृत्तिवेतन, ४००० म्हणजे पुस्तके आणि साहित्य, ५००० म्हणजे सेवा आणि कंत्राटे. एवढे पाठ झाले की तक्ता वाचता येतो. आमच्या शाळेच्या टायटल वनच्या रकमेतला सगळ्यात मोठा भाग २१०० या आकड्यासमोर होता, म्हणजे वर्गातल्या साहाय्यक शिक्षिकांचा पगार. त्याच्या खालोखाल त्यांच्या विम्याचा खर्च. पुस्तकांसाठी उरलेले थोडेच होते, आणि दोन ओळी संगणकावरच्या सरावाच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या होत्या.

हा पगार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहायला मी जानेवारीत एका वर्गात जाऊन बसले. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्गात मदतीला जाणाऱ्या पालकाला क्षयरोगाविषयीची प्रश्नावली भरून आणि बोटांचे ठसे देऊन घ्यावे लागते. ठशांचा खर्च डिस्ट्रिक्टने केला, पण मंजुरी यायला काही आठवडे गेले, त्यामुळे ज्यांना वर्गात जायचे असेल त्यांनी हे काम ऑगस्टमध्येच सुरू करावे. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात घोड्याच्या नालेसारखे वळण असलेले एक टेबल होते. आतल्या बाजूला साहाय्यक शिक्षिका, बाहेरच्या बाजूला पाच मुले. प्रत्येकापुढे हाताएवढी पांढरी पाटी. बाई एक शब्द उच्चारत, मुले तो ऐकून लिहीत, मग एकच अक्षर बदलून नवा शब्द. एक मुलगा दर वेळी शेवटचा आवाज गिळून टाकत होता. बाईंनी त्याला ओठांकडे पाहायला लावले आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा, घाई न करता म्हटला, तेव्हा त्याने पाटी पुसून शेवटचे अक्षर जोडले. तोवर वर्गशिक्षिका उरलेल्या वीसेक मुलांना वेगळे काही शिकवत होत्या. वर्गशिक्षिकेला एकटीला हे जमले नसते. तक्त्यातली २१०० ची ओळ ती हीच. परवान्यांच्या दोन ओळींविषयी मात्र माझे मत तेव्हापासून फारसे चांगले राहिले नाही.

या निधीच्या नियमांत सर्वांत जास्त गैरसमज होतो तो एका अटीवरून. केंद्राचा पैसा राज्याच्या आणि स्थानिक पैशात भर घालण्यासाठी आहे, त्याच्या जागी वापरण्यासाठी नाही. फेब्रुवारीच्या बैठकीत एका पालकाने मैदानावर सावलीसाठी छत मागितले, दुसऱ्याने पाण्याचा बिघडलेला नळ दुरुस्त करण्याची मागणी केली. दोन्ही मागण्या रास्त होत्या, आणि दोन्ही टायटल वनमधून होत नाहीत. नळ दुरुस्त करणे हे डिस्ट्रिक्टचे काम, ते त्यांच्या मूळ निधीतून व्हायला हवे. मुख्याध्यापिकांनी हे शांतपणे समजावले, पण मागणी करणाऱ्या बापाचा चेहरा पाहून मला वाईट वाटले. पैसा आहे असे सांगायचे आणि नळ नाही म्हणायचे, हे बाहेरून पाहणाऱ्याला चमत्कारिकच वाटणार. नळाचा विषय डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीत मांडायचा असतो, आणि तिथे पालकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो, हे त्या दिवशी आम्हा सर्वांनाच कळले.

आराखडा बनवण्याआधी शाळेच्या गरजा तपासतात, त्यासाठी राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा लाल ते निळा असा रंगांचा तक्ता असतो. आमच्या शाळेचा गैरहजेरीचा रंग चांगला नव्हता. वर्षातले दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिलेले मूल ‘दीर्घकाळ गैरहजर’ मोजले जाते, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. यात आजारपण आणि गावी जाणे दोन्ही धरतात. डिसेंबरच्या सुट्टीला दोन आठवडे जोडून भारतात जायचे, मग तिथून आल्यावर जेटलॅग आणि सर्दीत चार दिवस, ही आपली नेहमीची वारी. तिच्यात मूल या आकड्याच्या जवळ कसे पोहोचते ते कळतही नाही. शिवाय कॅलिफोर्नियात शाळांना राज्याचा पैसा रोजच्या हजेरीच्या सरासरीवर मिळतो. जायचेच असेल तर निघण्यापूर्वी शाळेकडून ‘इंडिपेंडंट स्टडी’चा लेखी करार करून घ्यावा आणि दिलेला अभ्यास खरोखर पूर्ण करून आणावा. ऑफिसात हे आधी विचारले तर सोय होते, परत आल्यावर विचारून उपयोग नसतो.

पालकांच्या सहभागासाठी टायटल वनमध्ये वेगळी तरतूद आहे. ज्या डिस्ट्रिक्टला वर्षाला पाच लाख डॉलरहून अधिक निधी मिळतो, त्याने निदान एक टक्का यासाठी बाजूला काढावा आणि त्यातला ९० टक्के भाग शाळांना द्यावा, असा नियम आहे. आमच्या शाळेच्या वाट्याला आलेली रक्कम इतकी लहान होती की पहिल्यांदा मला ती टंकलेखनातली चूक वाटली. पण तिच्यातून करण्याजोगे बरेच असते. कार्यक्रमाला येण्याजाण्याचे भाडे, मुलांचा सांभाळ, घरभेटी, दुभाषी, घरी न्यायची पुस्तके हे सगळे तिच्यात बसते. आमचे पालकवर्ग सकाळी नऊला होत आणि त्यांना तेच ते चेहरे येत, कारण बाकीचे कामावर असत. सकाळी किंवा संध्याकाळी अशा सोयीच्या वेळा ठेवाव्यात असे कायदाच सांगतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची ‘इलॅक’ नावाची स्वतंत्र सल्लागार समिती असते. अशी २१ किंवा अधिक मुले असलेल्या शाळेत ती असावीच लागते. तिच्याकडून ही मागणी लेखी आली, मी काउन्सिलमध्ये ठराव मांडला, एका शिक्षिकेने अनुमोदन दिले. मार्चपासून महिन्यातला एक वर्ग संध्याकाळी साडेसहाला होऊ लागला, मुलांच्या सांभाळासह. गर्दी लोटली असे नाही, पण कामाचा गणवेश घालून थेट आलेले दोनतीन वडील मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाहिले.

मार्चमध्येच वॉशिंग्टनमधल्या शिक्षण खात्यातील जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आपल्या शाळेचे काय? डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की टायटल वनची रक्कम अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केलेल्या कायद्यातून येते आणि ती शाळेच्या वर्षाआधीच ठरलेली असते, त्यामुळे तूर्त आराखडा आहे तसाच करा. मेमध्ये आम्ही तो मंजूर केला. परवान्यांची एक ओळ कमी झाली आणि तो पैसा साहाय्यक शिक्षिकेच्या तासांकडे वळला. जूनमध्ये डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

१ जुलै २०२५ ला नवे आर्थिक वर्ष उजाडले आणि केंद्राने काही निधी रोखून धरल्याचे कळले. टायटल वनचा मुख्य भाग त्यात नव्हता. मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा टायटल टू, इंग्रजी शिकणाऱ्यांचा टायटल थ्री आणि शाळेनंतरच्या वर्गांचा निधी, असे देशभरातले सहा अब्ज डॉलरहून अधिक अडकले. आमच्या तक्त्यातली ४२०३ ची ओळ त्यात होती. काउन्सिलच्या सदस्यांना ईमेल आले की या ओळीतली जादा शिकवणी तूर्त थांबवली आहे आणि तिच्यासाठीची नेमणूक केलेली नाही. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे उमेदवार शोधायला जेमतेम महिना हातात होता. त्या महिन्यात आम्ही काहीच करू शकत नव्हतो, आणि हे असहाय वाटणे मला तक्त्यांपेक्षा जड गेले. शाळेनंतरच्या वर्गांचा पैसा जुलैच्या मध्यानंतर सुटला आणि उरलेला सोडण्याची घोषणा २५ जुलैला झाली. शिकवणीची नेमणूक शेवटी सप्टेंबरात झाली. ज्या बाईंना आधी विचारले होते त्यांनी तोवर दुसरीकडे काम धरले होते.

मुलीची वार्षिक एल्पॅक वसंतात झाली होती. तिच्यात सर्वसाधारण पातळी चारपैकी चार असेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडण्याचा विचार होतो, आणि त्याशिवाय शिक्षकांचे मत, पालकांचा सल्ला आणि वाचनातील मूलभूत कौशल्याची तपासणीही लागते. तिला तीन मिळाले, त्यामुळे तिसरीतही तिचा रोजचा तास चालू आहे. वाचन सुधारले आहे, लिहिताना काळांचा गोंधळ अजून होतो. व्हॉट्सअॅपवरच्या गटाला हा निकाल कळवलेला नाही.

समितीवरची माझी मुदत आणखी एक वर्ष आहे. घर आम्ही बदलले नाही. ऑगस्टमध्ये नव्या वर्षाचा उत्पन्नाचा अर्ज आला तेव्हा टेबलाशी आम्ही चौघी होतो, त्यांत विद्यापीठातल्या त्या जोडप्यातली ताईही. टायटल वन शाळेत मूल असणाऱ्या कोणालाही सुरुवात करायची असेल तर ऑफिसातून चालू वर्षाचा आराखडा, गेल्या दोन बैठकांची इतिवृत्ते आणि शाळेचे पालक सहभाग धोरण मागून घ्यावे. हे तिन्ही कागद पालकांना मागता येतात आणि आमच्याकडे ते एका ईमेलवर मिळाले. पुढच्या बैठकीत गेल्या वर्षीच्या शिल्लक रकमेचा विषय आहे. ती किती आणि कुठल्या ओळीतली, हे विषयपत्रिका फाटकावर लागली की कळेल.